'द वंडर रिंग': पाडायला निघालेल्या रेल्वेची दोन चित्रं

हे प्रकरण एका लघुपटाचं आहे आणि त्याच्या पोटातल्या मतभेदाचं. लघुपट अमेरिकन प्रायोगिक चित्रपटकार स्टॅन ब्रॅकेजचा, 'द वंडर रिंग'. साल १९५५, १६ मिमी, रंगीत, मूक, लांबी सुमारे सहा मिनिटं. मतभेदाचं भांडण झालं नाही, पण त्याची एक फिल्म मात्र झाली. न्यूयॉर्कची एक पाडली जाणारी रेल्वे चित्रित करायचं काम ज्याने ब्रॅकेजला सांगितलं, त्या जोसेफ कॉर्नेल या कलावंताने त्याच चित्रीकरणातून स्वतःची वेगळी फिल्म काढली आणि मूळ इंग्रजी नावाची अक्षरं शेवटाकडून लिहून तिचं नाव ठेवलं: 'ग्नीर रेडनाऊ'.

ब्रॅकेजची ओळख करून देताना बहुतेक ठिकाणी 'विंडो वॉटर बेबी मूव्हिंग' (१९५९) किंवा 'मॉथलाइट' (१९६३) दाखवतात. पहिलीत त्याच्या पहिल्या मुलीचा जन्म आहे. दुसरीला कॅमेराच लागला नाही. पतंगांचे पंख, पानं, पाकळ्या पारदर्शक पट्ट्यांमध्ये दाबून ती तयार केली. दोन्ही पाहून माणूस थक्क होतो, पण हा गृहस्थ इथवर पोचला कसा, ते काही त्यांतून कळत नाही. ते कळायला या सहा मिनिटांकडे यावं लागतं. आणि ही सहा मिनिटं त्याला आपणहून सुचलेली नव्हती. कुणीतरी बोलावून सांगितलं, साहित्य हातात दिलं, तेव्हा ती झाली. सांगितलेल्या कामातून कलावंताला स्वतःची वाट सापडल्याची उदाहरणं नाट्य-संगीतात पुष्कळ मिळतील. प्रायोगिक सिनेमात, जिथे सगळा भर 'माझं मी केलं' यावर असतो, तिथे हे विरळाच. म्हणून हे प्रकरण मुळापासून पाहायचं.

काम काय होतं

मॅनहॅटनच्या रस्त्यांवर लोखंडी खांब उभारून त्यांवरून धावणाऱ्या रेल्वेला न्यूयॉर्कचे लोक 'एल' म्हणत. थर्ड अ‍ॅव्हेन्यूवरची एल १८७८ मध्ये सुरू झाली, तेव्हा ती वाफेच्या इंजिनांवर चाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे वीज आली. सेकंड, थर्ड, सिक्स्थ आणि नाइन्थ अशा चार अ‍ॅव्हेन्यूंवर एके काळी या गाड्या होत्या. सिक्स्थची १९३८ मध्ये बंद झाली, नाइन्थची १९४० मध्ये, सेकंडची १९४२ पर्यंत पूर्ण आवरली. थर्डची एकटी उरली. तिच्याखालच्या रस्त्यावर भर दुपारीही अंधारलेलं असे, वर लोखंडाचा खडखडाट, आणि जागांच्या किमती वाढवू पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत तर ती सलतच होती. १२ मे १९५५ ला मॅनहॅटनमधली तिची सेवा थांबली आणि मग पाडकाम लागलं. (ब्रॉन्क्समधला तुकडा १९७३ पर्यंत तगला, पण आपल्या गोष्टीत तो येत नाही.)

या रेल्वेचं खरं आकर्षण तिच्या उंचीत होतं. भुयारी गाडीतून काही दिसत नाही, रस्त्यावरून चालताना इमारतींची दारं दिसतात. एल मात्र वरच्या मजल्यांच्या खिडक्यांच्या पातळीवरून जाई. कुणाचं स्वयंपाकघर, कुणाचा शिवणाचा कारखाना, खिडकीत बसलेली म्हातारी, सगळं दोन-चार क्षण समोर येई आणि मागे पडे. जोसेफ कॉर्नेल नावाच्या माणसाला याहून मोठी मेजवानी नव्हती.

कॉर्नेलचा जन्म १९०३ चा. क्वीन्समधल्या फ्लशिंग भागात, युटोपिया पार्कवेवरच्या साध्या लाकडी घरात तो आई आणि अपंग धाकट्या भावाबरोबर राहिला. अमेरिकेबाहेर कधी गेला नाही. जुन्या बाजारांतून फिरून गोळा केलेले नकाशे, छोटे चेंडू, पक्ष्यांची चित्रं, मातीचे पाइप, नट्यांचे फोटो हे सगळं तो उथळ लाकडी पेट्यांत मांडे आणि पुढे काच लावे. आज या पेट्या जगभरच्या संग्रहालयांत आहेत. काचेपलीकडचं, हाताला न लागणारं, थोड्या वेळात निघून जाणारं जे काही असेल त्याचा हा माणूस संग्राहक. एलची खिडकी त्याच्या पेटीचीच मोठी आवृत्ती होती म्हणा ना. ती खिडकी आता कायमची बंद होणार होती.

कॉर्नेल स्वतः कॅमेरा चालवत नसे. १९५० च्या दशकात त्याने इतरांकडून चित्रीकरण करून घ्यायला सुरुवात केली. छायाचित्रकार रूडी बर्कहार्टने त्याच्यासाठी युनियन स्क्वेअरमधली माणसं आणि पक्षी टिपले. एलच्या कामासाठी समीक्षक पार्कर टायलरने ब्रॅकेजचं नाव सुचवलं. कॉर्नेलने फिल्म पुरवली आणि गाडीची दोन टोकनं पाठवली, असा किस्सा सांगतात. (न्यूयॉर्कमध्ये टोकनं १९५३ मध्ये आली, तिकीट पंधरा सेंट झालं तेव्हा.) काम एवढंच: रेल्वे जाण्याआधी तिची आठवण फिल्मवर उतरवून ठेव.

ज्याला सांगितलं, तो

ब्रॅकेज तेव्हा बावीस वर्षांचा होता. डार्टमथ कॉलेज अर्धवट सोडलेलं, खिशात फारसं काही नाही, पण नावावर अनेक लघुपट. पहिला 'इंटरिम' १९५२ चा, जेम्स टेनीच्या संगीतासह: एक तरुण, एक तरुणी, उड्डाणपुलाखालची भेट. 'डेसिस्टफिल्म' (१९५४) मध्ये एका खोलीत जमलेली तरुण मंडळी आणि त्यांच्यात हातात धरून हिंडवलेला कॅमेरा. 'रिफ्लेक्शन्स ऑन ब्लॅक' मध्ये एक आंधळा माणूस आहे आणि त्याच्या डोळ्यांच्या जागी फिल्मवरच ओरखडे काढले आहेत.

त्या काळच्या अमेरिकन प्रायोगिक सिनेमात एक साचा पक्का झाला होता. माया डेरेनने १९४३ मध्ये आणि केनेथ अँगरने १९४७ मध्ये त्याची सर्वांत ठसठशीत रूपं दाखवली होती: एक व्यक्ती, बहुधा स्वतः चित्रपटकारच, स्वप्नात असल्यासारखी हिंडते आणि तिच्या मनातलं बाहेरच्या वस्तूंत उमटत जातं. समीक्षक त्याला 'सायकोड्रामा' म्हणत. ब्रॅकेज याच घरात वाढत होता. त्याच्या सुरुवातीच्या फिल्म पाहिल्या तर कॅमेरा पात्रापेक्षा जास्त काहीतरी बोलू पाहतोय हे जाणवतं, पण पात्राला सोडायची हिंमत होत नाही. आंधळ्याच्या डोळ्यांवरचे ओरखडे हे त्याचंच लक्षण. दिसणं या गोष्टीविषयी बोलायचंय, पण त्यासाठी आधी एक माणूस उभा करावा लागतो, त्याला आंधळं करावं लागतं, आणि मग ओरखडे. केवढा द्राविडी प्राणायाम.

कॉर्नेलच्या कामाने हा माणूसच काढून घेतला. एलमध्ये नायक नव्हता, कथा नव्हती, कुणाला अभिनय करायला लावायचा प्रश्न नव्हता. उरलं एक ठिकाण, एक ठरलेला मार्ग आणि त्यात बसलेला कॅमेरा. पी. अ‍ॅडम्स सिटनी या अभ्यासकाने ब्रॅकेजच्या पुढच्या कामाला 'लिरिकल' म्हणजे भावगीताच्या जातीचा सिनेमा म्हटलं आहे: ज्यात पाहणारा पडद्यावर दिसत नाही, कॅमेऱ्यामागे असतो, आणि आपण पाहतो ते त्याचं पाहणं. त्या सिनेमाकडे जाताना 'द वंडर रिंग' हे पहिलं ठाम पाऊल.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. 'कॉर्नेलने ब्रॅकेजला मुक्त केलं' असं जे सरळ वाक्य सांगितलं जातं, त्यात 'डेसिस्टफिल्म' चा हातातला कॅमेरा विसरला जातो, आणि मेरी मेंकेन ही चित्रपटकारही. मेंकेनने १९४५ मध्ये इसामू नोगुचीच्या शिल्पांमधून कॅमेरा अंगाच्या लयीत फिरवून एक छोटी फिल्म केली होती, आणि तिचं ऋण ब्रॅकेजने पुढे उघडपणे मान्य केलं. म्हणजे हात तयार होता. कॉर्नेलच्या अटींनी तो हात कशावर फिरवायचा, एवढं ठरवून दिलं. पण हे 'एवढं' लहान नव्हे.

पडद्यावर

फिल्म एका फेरीच्या अंगाने जाते: जिना, स्टेशन, फलाट, डबा, प्रवास. पण ही फेरी गोष्टीसारखी सांगितलेली नाही. जिन्याकडे कॅमेरा जातो तो पायऱ्या चढण्यासाठी नव्हे. लोखंडी सांगाड्यातून गाळून आलेलं ऊन पायऱ्यांवर पट्ट्यापट्ट्यांनी पडलेलं असतं, ते पाहण्यासाठी तो तिथे थांबतो. स्टेशनाच्या खिडक्यांना जुन्या पद्धतीची रंगीत काच. तिच्यातून येणारा रंग. फलाट जवळपास रिकामा. मग गाडी, आणि फिल्मचा मोठा भाग गाडीच्या खिडकीत.

इथे थोडं तंत्राकडे वळू, कारण या फिल्मचं सौंदर्य बरंचसं अडचणीतून आलेलं आहे. त्या काळी १६ मिमी रंगीत चित्रीकरण म्हटलं की प्रामुख्याने कोडाक्रोम ही फिल्म. उन्हातल्या चित्रीकरणासाठी तिची संवेदनशीलता, म्हणजे उजेड टिपायची ताकद, होती एएसए मापाने जेमतेम १०. आजच्या फोनच्या कॅमेऱ्याची सवय असलेल्याला हा आकडा विनोदी वाटेल. अशी फिल्म घेऊन अंधाऱ्या डब्यात बसलात आणि बाहेरच्या उन्हाप्रमाणे भिंग लावलंत, तर आतलं सगळं काळं पडतं: माणसं, बाकं, दांडे, सगळ्यांच्या नुसत्या कडा. आतल्याप्रमाणे लावलंत तर बाहेरचं जळून पांढरं. दोन्ही साधायचं तर दिवे घेऊन जावं लागतं, आणि ते या कामात नव्हतं. शिवाय १०० फुटांचं रीळ, फुटाला ४० चौकटी, म्हणजे सगळ्या मिळून ४,००० चौकटी. सेकंदाला २४ च्या वेगाने पावणेतीन मिनिटांत खलास. 'चालू ठेवू कॅमेरा, बघू काय मिळतं' ही चैन परवडणारी नव्हती.

अशा वेळी कसबी वृत्तचित्रकार बाहेर येऊन फलाटावरून गाडीचं छान दृश्य घेतो. ब्रॅकेजने उलट केलं. अंधार आणि उजेड यांच्या मधली जी जागा होती, ती म्हणजे काच, तिथेच त्याने मुक्काम ठोकला. खिडकीच्या काचेत बाहेरच्या इमारती सरकतात. त्याच काचेवर आतल्या प्रवाशाचं प्रतिबिंब पुसट उमटतं, इमारतींच्या विटांवरून वाहत जातं. आणि डब्यांच्या काचा जुन्या, ओबडधोबड, लाटा असलेल्या; त्यांच्यामुळे सरळ भिंती वाकतात, ताणल्या जातात, मेणासारख्या वितळतात, पुन्हा सरळ होतात. बाहेरचं जग, आतला माणूस आणि काचेचा स्वतःचा दोष, अशी तीन चित्रं एकाच चौकटीत आहेत. यासाठी प्रयोगशाळेत एकावर एक छपाई करावी लागलेली नाही. गाडीने फुकट करून दिली.

हा मुद्दा मी अधोरेखित करतो, कारण पुढे 'डॉग स्टार मॅन' (१९६१-६४) मध्ये ब्रॅकेजने प्रतिमांचे चार-चार थर एकमेकांवर चढवले आणि तो त्याच्या शैलीचा मानदंड ठरला. त्या थरांची पहिली तालीम या काचेवर झाली असं म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच की इथे थर सापडलेले आहेत, रचलेले नाहीत. म्हणूनही असेल, 'द वंडर रिंग' त्याच्या मोठ्या फिल्मपेक्षा मला हलकी, मोकळी वाटते. मोठ्या फिल्ममध्ये ब्रॅकेज कधीकधी प्रेषिताच्या सुरात जातो. इथे तो अजून खिडकीशी जागा मिळाल्याने खूश झालेला मुलगा आहे.

कॅमेऱ्याच्या हालचालीकडेही बघायला हवं. गाडी एका दिशेला जाते आहे, आणि बऱ्याचदा कॅमेराही स्वतःचं काहीतरी करतो. या दोन गती एकमेकींत मिसळल्या की प्रेक्षकाचा ताबा सुटतो: इमारत सरकली की आपण? संकलनही स्टेशनांच्या क्रमाने बांधलेलं नाही. एखादी वळणारी रेघ पुढच्या चित्रातल्या वळणाला जोडली जाते, एक चमक दुसऱ्या चमकेला. मार्ग कुठून कुठे गेला ते फिल्म पाहून सांगता येणार नाही. रेल्वेच्या इतिहासकाराला यातून फार थोडं मिळेल: किती डबे, कोणती स्टेशनं, गर्दी केव्हा, काही नाही.

आणि इथे प्रश्न उभा राहतो. कॉर्नेलने मागितली होती ती रेल्वेची आठवण. हे जे मिळालं, ते काय आहे?

आवाज का नाही

एलविषयी कुणालाही विचारलं असतं तर पहिली आठवण आवाजाची निघाली असती. लोखंडावर लोखंड, गाडी जाताना बोलणं थांबवावं लागे, खिडक्या थरथरत. त्या शहरातली ही सर्वांत गोंगाटाच्या वस्तूंपैकी एक, आणि तिच्यावरची ही फिल्म पूर्ण मूक.

पैसे नव्हते म्हणून आवाज नाही, एवढ्यावर हा विषय संपवता येत नाही. ब्रॅकेजच्या आधीच्या फिल्मना आवाज होता, संगीत होतं. त्याच सुमारास 'इन बिटवीन' मध्ये त्याने जॉन केजचं संगीत वापरलं. संगीताचा कान त्याला लहानपणापासून होता, मुलांच्या गायकवृंदात तो गायलेला. पुढे पाचेक दशकांत त्याने साडेतीनशेच्या वर फिल्म केल्या आणि त्यांतल्या बहुतेक मूक ठेवल्या. आवाज आला की डोळा आळशी होतो, कान सांगेल तेच पाहू लागतो, अशी त्याची धारणा बनत गेली.

याची खातरजमा करायची सोय याच रेल्वेने करून ठेवली आहे, आणि प्रकरण अभ्यासाला अशी तुलना क्वचितच आयती मिळते. डी. ए. पेनबेकर या माहितीपटकाराने १९५३ मध्ये याच थर्ड अ‍ॅव्हेन्यू एलवर 'डेब्रेक एक्स्प्रेस' चित्रित केली. पाचेक मिनिटं, रंगीत, सोबत जाझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनची त्याच नावाची ध्वनिमुद्रिका. ती रचनाच मुळी आगगाडीची नक्कल करत वेग घेते. शिट्टी, धाप, धडधड सगळं वाद्यांत. फिल्म संगीताच्या पाठीवर बसून सुसाट जाते. कार्सन डेव्हिडसनची '३आरडी अ‍ॅव्ह. एल' १९५५ चीच, तिला हायडनच्या हार्प्सिकॉर्ड या जुन्या तारवाद्यासाठीच्या संगीताची साथ, आणि ती ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचली. तिन्हींत तीच स्टेशनं, तेच डबे.

पेनबेकरची पाहताना आपण प्रवास करतो. पहाट झाली, गाडी निघाली, शहर जागं झालं, पोचलो. ठेका आपल्याला पुढे ढकलत राहतो आणि पुढचं चित्र कधी येणार हे अंगाला आधी कळतं. मजा येते, नाकारण्यात अर्थ नाही. ती पाच मिनिटं मी कितीही वेळा पाहीन. ब्रॅकेजची पाहताना मात्र प्रवास जाणवतच नाही. चाकांचा आवाज काढून घेतला की गाडी पुढे जातेय ही जाणीव विरते. शहरच काचेवरून वाहू लागतं. पुढे काय येणार याचा अंदाज बांधायला कुठला ठेका नाही, त्यामुळे डोळा चौकटीच्या कोपऱ्यांत हिंडतो, तिथे एखादं प्रतिबिंब सापडतं, जे संगीत असतं तर नक्की सुटलं असतं. 'डेब्रेक एक्स्प्रेस' मध्येही काचा आहेत, वाकलेल्या इमारती आहेत. पण तिथे त्या तालात नाचतात आणि निघून जातात. त्यांच्याकडे बघत राहायला सवड नसते.

जाता जाता: हे मूकपण जुन्या मूकपटांच्या मूकपणाहून वेगळं आहे. १९२० च्या दशकातल्या मूकपटाबरोबर पियानो वाजे, मधे पाट्या येत, आणि नट ओठ हलवत. तिथे आवाज नसला तरी त्याची जागा राखून ठेवलेली असे. इथे जागाच ठेवलेली नाही.

कॉर्नेलचं उत्तर

कॉर्नेलने १९३६ मध्ये काय केलं होतं ते इथे आठवायला हवं. 'ईस्ट ऑफ बोर्निओ' या १९३१ च्या एका सुमार हॉलिवूडपटाची प्रिंट त्याच्या हाती लागली. त्याने ती कापून, कथा फेकून देऊन, नायिका रोझ होबार्टच्या हालचाली, वळणं, नजरा तेवढ्या ठेवल्या. बोलपटाचं बोलणं काढून टाकलं, मूकपटाच्या मंद वेगाने ती चालवली, प्रोजेक्टरसमोर निळी काच धरली आणि बाजूला तबकडी वाजवली. फिल्मचं नाव नटीचंच, 'रोझ होबार्ट'. न्यूयॉर्कच्या ज्युलियन लेव्ही गॅलरीत ती दाखवली तेव्हा प्रेक्षकांत चित्रकार साल्वादोर दाली होता. आपल्या डोक्यातली कल्पना याने चोरली म्हणून तो भडकला आणि प्रोजेक्टर पाडला. बुजऱ्या कॉर्नेलने त्यानंतर बराच काळ फिल्म लोकांसमोर आणायचं टाळलं.

म्हणजे दुसऱ्याने चित्रित केलेलं उचलून आपलं करणं ही कॉर्नेलची जुनी रीत. त्याच्या लेखी फिल्म हा जुन्या बाजारातल्या नकाशासारखाच कच्चा माल होता. ब्रॅकेजकडून चित्रीकरण हाती आलं तेव्हा त्याने त्याचं तेच केलं. प्रतिमा उलटवल्या आणि गतीही उलटवली. मूळ फिल्ममध्ये पुढे वाहणारं शहर 'ग्नीर रेडनाऊ' मध्ये मागे वाहतं.

या कृतीकडे नाराजी म्हणून पाहण्याचा प्रघात आहे: म्हाताऱ्याला हवं ते मिळालं नाही, म्हणून त्याने उलटंपालटं करून ठेवलं. नाराजी असेलही. रेल्वेची आठवण मागणाऱ्याला काचेवरच्या लाटा मिळाल्या तर तो खट्टू होणारच, आणि दिलेल्या कामाच्या हिशेबाने त्याची बाजू चुकीची म्हणता येत नाही. पण नुसती नाराजी असती तर रिळं कपाटात पडून राहिली असती, किंवा त्याने दुसऱ्या कुणाला एलवर पाठवलं असतं. मला यात वेगळं दिसतं. दोघांचा मतभेद आठवण कशाला म्हणायचं यावर आहे. ब्रॅकेजला तिथे बसून डोळ्यांना काय झालं ते जपायचं होतं. रेल्वे हे त्याचं निमित्त. कॉर्नेलला जाणारी गोष्ट जाऊ द्यायची नव्हती. गाडी उलटी चालवली की ती निघून गेलेल्या स्टेशनात परत येते. भावाच्या करमणुकीसाठी घरी जुने मूकपट लावणाऱ्या माणसाला प्रोजेक्टरची ही जादू चांगली ठाऊक असणार. ब्रॅकेजने काळाकडे पाठ फिरवली होती, कॉर्नेलने काळच फिरवला.

दोन्ही फिल्म लागोपाठ पाहिल्या की आणखी एक गंमत ध्यानात येते. ब्रॅकेजचं चित्रीकरण इतकं दिशाहीन, इतकं प्रतिबिंबांनी भरलेलं आहे की ते उलटं केल्यावर अनेक ठिकाणी फारसा फरकच पडत नाही. इमारती डावीकडून गेल्या काय अन् उजवीकडून गेल्या काय! जिथे माणूस चालताना दिसतो तिथेच उलटेपणा उघडा पडतो. ब्रॅकेजने दिशेचा अर्थ किती काढून टाकला होता, याचा पुरावा कॉर्नेलच्या फिल्ममध्ये मिळतो. इतकी कडक परीक्षा कुठल्या समीक्षकाने घेतली नसती.

त्यानंतर

काम देणारा आणि करणारा यांचं तुटलं नाही. फ्लशिंगमध्ये कॉर्नेलच्या घराजवळ मनोरा असलेलं एक जुनं घर होतं, तेही पाडलं जाणार होतं. कॉर्नेलने पुन्हा ब्रॅकेजलाच बोलावलं. त्या फिल्मला पुढे एमिली डिकिन्सनच्या एका कवितेतून नाव मिळालं, 'सेंच्युरीज ऑफ जून'. यावेळी कॉर्नेल चित्रीकरणाच्या जवळ होता आणि ते जाणवतं: बाग, मुलं, जिना, झाडाच्या फांद्या, आणि घराकडे संथपणे, निरोप घेतल्यासारखं पाहणं. ब्रॅकेजचा हात ओळखू येतो, पण डोळा कॉर्नेलचा. सुंदर आहे, आणि ब्रॅकेजच्या दृष्टीने एक पाऊल मागे. ग्राहक शेजारी उभा असला की काय होतं याचा हा नमुना, बाकी काही नाही.

ब्रॅकेजचं खरं पुढचं पाऊल १९५८ चं 'अँटिसिपेशन ऑफ द नाइट', सुमारे चाळीस मिनिटं, मूक. त्यात माणूस आहे तो फक्त सावलीच्या रूपात. एलवरची काच आता उरली नाही. रात्रीचे दिवे, झाडं, जत्रेतली चक्रं यांच्यावरून कॅमेरा स्वतःच काचेसारखा वाकत, घसरत जातो. 'द वंडर रिंग' मध्ये जे गाडीने केलं, ते त्याचा हात करायला लागला.

दाखवताना

फिल्म सोसायटीत किंवा वर्गात हे प्रकरण घ्यायचं तर काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, शांतता. महाजालावर या फिल्मला कुणीकुणी आपापलं संगीत जोडलेलं सापडतं. ते लावलं तर दाखवण्यात अर्थ नाही. सुरुवातीच्या मिनिटात लोक खाकरतात, खुर्च्या कुरकुरतात, कुणीतरी 'आवाज येत नाहीये' असं सांगायला उठतं. आधीच सांगून ठेवलेलं बरं. खोली पूर्ण काळोखी हवी, कारण अर्धी फिल्म काळ्या रंगात आहे आणि उजेड शिरला की प्रतिबिंबं धुऊन जातात.

दुसरी, क्रम. आधी 'डेब्रेक एक्स्प्रेस', मग 'द वंडर रिंग'; एलिंग्टन कानात असतानाच शांतता सुरू झाली की तिचं वजन कळतं. उलट क्रमाने दाखवली की प्रेक्षकांना पेनबेकरच आवडतो आणि ब्रॅकेज अपुरा वाटतो. त्यानंतर मधे दहा मिनिटं बोलणं, मग 'द वंडर रिंग' पुन्हा एकदा. दुसऱ्या वेळी प्रवाशांचे चेहरे दिसू लागतात, जे पहिल्या वेळी बहुतेकांना दिसलेलेच नसतात.

'ग्नीर रेडनाऊ' अगदी शेवटी, आणि काही न सांगता. ती कॉर्नेलची आहे हे आधी सांगितलं की लोक पेट्या शोधत बसतात. न सांगता लावली तर दोन तट पडतात: काहींना वाटतं तीच फिल्म तिसऱ्यांदा लावली, काहींना ती पूर्ण नवी वाटते. चर्चा त्या दोन तटांमध्येच होऊ द्यावी आणि ती फिल्म कुणाची, हा प्रश्न तोवर फळ्यावर लिहू नये.